दोन्ही बाकांवरून टाळ्या

ज्याच्यावर वार करायचा त्यानेच उठून टाळ्या वाजवल्या, तर त्याला उपहास म्हणायचं की सत्कार समारंभ? 'थँक यू फॉर स्मोकिंग' पाहिलेल्या माणसांशी बोलताना मला दर वेळी हाच प्रश्न पडतो. लिबरल मंडळी म्हणतात, बघा, कंपन्यांचा निर्लज्जपणा कसा चव्हाट्यावर आणलाय! कॉन्झर्व्हेटिव्ह मंडळी म्हणतात, बघा, लोकांच्या तोंडातली सिगारेट काढून घ्यायला निघालेल्या सरकारी दाईची कशी जिरवलीय! दोघे एकाच प्रसंगाला हसतात आणि दोघेही समाधानाने घरी जातात. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो लॉबिस्ट मात्र त्यांच्याही आधी उठून जेवायला गेलेला असतो. बिल अर्थातच कंपनीच्या नावावर.

चित्रपट वाईट आहे असं मी म्हणत नाही. वाईट असता तर हा लेख लिहायची वेळच आली नसती. २००५ साली टोरांटोच्या महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत प्रदर्शित झाला. जेसन राइटमनचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. नायक निक नेलर हा तंबाखू कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या एका 'अकादमी'चा उपाध्यक्ष. टीव्हीवरच्या चर्चेत कॅन्सर झालेल्या पंधरा वर्षांच्या मुलाशेजारी बसून तो बिनदिक्कत सांगतो, की हा पोरगा जगण्यातच आमचं हित आहे, मेला तर आमचं गिऱ्हाईक जातं. त्याच्या मरणावर फायदा होईल तो समोर बसलेल्या तंबाखूविरोधकांचा. दारूवाल्यांची प्रतिनिधी आणि बंदूकवाल्यांचा प्रतिनिधी यांच्याबरोबर जेवताना तो कुणाचा माल रोज जास्त माणसं मारतो यावर हिरिरीने वाद घालतो. ॲरन एकहार्टने हा माणूस इतका लाघवी केला आहे, की आपण त्याच्या बाजूने कधी झालो ते कळतही नाही. आणि कथेतलं एकही पात्र पडद्यावर सिगारेट ओढत नाही, ही दिग्दर्शकाची खुबी.

माझी तक्रार यापुढची आहे. नेलर लॉबिंग करतच नाही, तो फक्त बोलतो. मुलाखतीत बोलतो, विमानात बोलतो, सिनेटच्या समितीपुढे बोलतो, स्वतःच्या मुलाच्या वर्गातही बोलतो. तो कुठल्या सिनेटरच्या हातावर दमडी ठेवत नाही, कुठल्या विधेयकाच्या मसुद्यात एखादं पोटकलम सरकवत नाही. पैशाची बॅग जाते ती मार्लबोरोच्या जाहिरातीतल्या, आता कॅन्सरने मरायला टेकलेल्या काउबॉयकडे, त्याचं तोंड बंद करायला. तंबाखू वाचते ती वाक्चातुर्याने, असा या चित्रपटाचा एकूण दावा दिसतो.

खऱ्या तंबाखूवाल्यांना असल्या चातुर्याची फारशी गरज कधी पडली नाही. डिसेंबर १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात कंपन्यांचे प्रमुख जमले आणि हिल अँड नोल्टन या जनसंपर्क कंपनीला कामाला लावलं. ४ जानेवारी १९५४ रोजी चारशेहून अधिक वर्तमानपत्रांत पानभर निवेदन आलं: लोकांचं आरोग्य ही आमची पहिली जबाबदारी, आम्ही संशोधन करू. पुढची चाळीस वर्षं ते 'संशोधन' चाललं. १९६९ च्या एका अंतर्गत टिपणात ब्राउन अँड विल्यमसनच्या माणसाने सरळ लिहून ठेवलं, की आपण विकतो तो माल म्हणजे शंका. आणि १४ एप्रिल १९९४ रोजी सात कंपन्यांचे सात प्रमुख काँग्रेसच्या उपसमितीपुढे शपथेवर सांगून गेले, की निकोटिनचं व्यसन लागतं असं आम्हाला वाटत नाही. चेहरे कोरे, उत्तर प्रत्येकाचं तेच. त्यात विनोद नव्हता, लाघव नव्हतं, एकही टाळीचं वाक्य नव्हतं. असल्या कंटाळवाण्या माणसांवर चित्रपट कोण काढणार? म्हणून मग एकहार्ट.

आता या चित्रपटाची पत्रिका मांडू. मूळ कादंबरी १९९४ ची, लेखक क्रिस्टोफर बकली. वडील विल्यम एफ. बकली, 'नॅशनल रिव्ह्यू'चे संस्थापक. अमेरिकन उजव्या विचाराचं हे मानाचं घराणं. तेव्हा पडद्यावर ठळक दिसणारा राजकारणी एकच, आणि तो व्हरमाँटचा लिबरल सिनेटर असावा, यात नवल नाही. पाकिटावर कवटीचं चित्र छापायची त्याची मागणी आहे. नेलर त्याला विचारतो, मग तुमच्या व्हरमाँटच्या चेडर चीजवरही छापू या का, रक्तवाहिन्या तर त्यानेही तुंबतात. सिनेटर पुरता गारद. शेवटी तो जुन्या गाजलेल्या चित्रपटांतल्या सिगारेटी संगणकाने पुसून टाकायला निघतो. मजा येते, कबूल. पण तंबाखूची पाठराखण करणारे सिनेटर कुठे गेले? उत्तर कॅरोलायनाचे रिपब्लिकन जेसी हेल्म्स होते, केंटकीचे डेमोक्रॅट वेंडेल फोर्ड होते. दोन पक्ष, एकच पीक. हे दृश्य या चित्रपटात नाही, कारण ते घेतलं असतं तर उजव्यांच्या टाळ्या निम्म्यावर आल्या असत्या आणि डाव्यांच्याही.

उजव्यांचा युक्तिवाद मी उडवून लावत नाही. ते म्हणतात, सरकारच्या हातात इतके अधिकार दिलेत की कायद्याच्या प्रत्येक ओळीला बाजारभाव आला. मग ती ओळ विकत घ्यायला गिऱ्हाईक येणारच. सरकार लहान करा, लॉबिस्ट आपोआप उपाशी मरेल. ऐकायला चोख आहे आणि त्यात तथ्यही आहे. पण ज्यांनी या चित्रपटात पैसा घातला त्यांच्याकडे बघा. निर्माता डेव्हिड सॅक्स, पेपॅलमधला. ती कंपनी २००२ साली ईबेने दीड अब्ज डॉलरला घेतली, तेव्हा हे सगळे तरुण एकदम गब्बर झाले. श्रेयनामावलीत कार्यकारी निर्माते म्हणून पीटर थील आहे, मॅक्स लेव्हचिन आहे आणि इलॉन मस्कही आहे. सरकारने नागरिकाच्या आयुष्यात नाक खुपसू नये, हा ज्या गोटाचा मंत्र, त्यांचंच हे अपत्य.

पुढे काय झालं? थीलने २०२२ च्या निवडणुकीत जे. डी. व्हान्सला सिनेटमध्ये पोचवण्यासाठी दीड कोटी डॉलर ओतले. मस्कने २०२४ च्या निवडणुकीत ट्रम्प आणि रिपब्लिकनांसाठी पंचवीस कोटींहून अधिक डॉलर खर्च केले आणि पुढच्या जानेवारीत तो सरकारी खर्च कापणाऱ्या विभागाचा सूत्रधार झाला. त्याची स्पेसएक्स तेव्हाही सरकारी कंत्राटांवर अब्जावधी कमावत होती. सॅक्स व्हाइट हाउसमध्ये कृत्रिम बुद्धिमत्ता आणि क्रिप्टो चलनाच्या धोरणाचा मुख्य सल्लागार झाला. सरकार लहान झालं की लॉबिस्ट उपाशी मरतो म्हणे. यांनी मधला दलाल तेवढा काढून टाकला आणि स्वतःच आत जाऊन बसले. निक नेलरची नोकरी गेली ती अशी.

वितरक कोण होता हेही सांगून टाकतो. फॉक्स सर्चलाइट, म्हणजे तेव्हा रूपर्ट मर्डॉकच्या साम्राज्यात असलेली कंपनी. हेच मर्डॉक १९८९ ते १९९८ मार्लबोरो बनवणाऱ्या फिलिप मॉरिसच्या संचालक मंडळावर बसत होते. तंबाखू उद्योगाची खिल्ली उडवणारा चित्रपट त्या उद्योगाच्या माजी संचालकाच्या कंपनीने विकला, पैसे कमावले, आणि कुणाच्या पोटात दुखलं नाही. दुखावं असं त्यात होतंच काय?

लिबरलांची पाळी आता. 'डोंट लुक अप', २०२१, दिग्दर्शक ॲडम मॅके. पृथ्वीवर धूमकेतू आदळणार आहे, सरकारने उशिरा का होईना तो वळवायला यान सोडलं आहे, आणि पीटर इशरवेल नावाचा मोबाइल कंपनीचा मालक, अध्यक्षांचा बडा देणगीदार, ते यान अर्ध्यातून मागे बोलवायला लावतो. का, तर धूमकेतूत कोट्यवधींची खनिजं आहेत. मूळ कल्पना झकास. मार्क रायलन्सने तो इशरवेल असा काही उभा केलाय की अंगावर काटा यावा. पण बाकी सगळं? अध्यक्ष मूर्ख, तिचा मुलगा महामूर्ख, टीव्हीवाले उथळ आणि जनता मेंढरं. शहाणे कोण, तर दोन-चार शास्त्रज्ञ आणि सोफ्यावर बसून हा चित्रपट पाहणारे आपण. लिबरल प्रेक्षकाला सव्वादोन तासांनंतर मिळतं ते शहाणपणाचं प्रमाणपत्र. कॉन्झर्व्हेटिव्ह प्रेक्षकालाही त्याचं मागणं मिळतं: हॉलिवूडचे उंटावरचे शहाणे आपल्याला तुच्छ लेखतात याचा ताजा पुरावा. मॅकेला हा सापळा ठाऊक नाही असंही नाही. त्याच्या 'व्हाइस'मध्ये श्रेयनामावली सुरू झाल्यावर एक प्रसंग येतो. प्रेक्षक-चाचणीला बोलावलेला एक जण हा चित्रपट लिबरलधार्जिणा आहे म्हणून भडकतो आणि मारामारी जुंपते. सापळा दाखवायचा आणि पुढच्याच चित्रपटात त्यात स्वतः उडी मारायची, याला हिंमत लागते. 'डोंट लुक अप'चा पैसा नेटफ्लिक्सचा. तिच्याकडे मी नंतर येतो.

दोन्ही बाजू ज्याच्यावर चित्रपट काढणार नाहीत अशी एक गोष्ट सांगतो. २००९ साली अमेरिकेत तंबाखू नियंत्रणाचा मोठा कायदा झाला आणि सिगारेट पहिल्यांदा अन्न व औषध प्रशासनाच्या कक्षेत आली. लिबरलांचा विजय, ओबामांची सही. आणि या कायद्याला पाठिंबा कुणाचा होता? फिलिप मॉरिसचा. जाहिरातींवर बंधनं आली की बाजारात जो वर आहे तो वरच राहतो, नव्याला शिरकाव नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. प्रतिस्पर्धी या विधेयकाला 'मार्लबोरोच्या मक्तेदारीचा कायदा' म्हणून शिव्या घालत होते. कायद्याने स्ट्रॉबेरी, लवंग, चॉकलेट अशा सगळ्या चवींच्या सिगारेटी बंद केल्या. एक चव वगळली: मेंथॉल. कृष्णवर्णीय अमेरिकनांत जे सिगारेट ओढतात त्यांतले बहुसंख्य मेंथॉलच ओढतात. एप्रिल २०२२ मध्ये बायडन सरकारने मेंथॉलवर बंदीचा मसुदा काढला. निवडणूक जवळ आली तसा तो पुढे ढकलला, मग बेमुदत लांबणीवर टाकला. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने तो मागे घेतला. एकाने कुजवला, दुसऱ्याने पुरला.

याचं काय करणार मॅके, आणि काय करणार बकली? लिबरल कथेत नियमन म्हणजे कंपनीचा पराभव. इथे कंपनीने नियमन मागून घेतलं. कॉन्झर्व्हेटिव्ह कथेत मुक्त बाजारवाली कंपनी सरकारशी झुंजते. इथे ती सरकारच्या मांडीवर बसून प्रतिस्पर्ध्यांना वाकुल्या दाखवते. लॉबिंगला विचारसरणी नसते, तारीख असते. अमुक कलम अमुक तारखेपर्यंत येऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं तत्त्वज्ञान.

हे ज्याला नेमकं कळलं होतं असा माणूस माझ्या पाहण्यात एक आहे: जोनाथन लिन. १९९२ साली त्याने एडी मर्फीला घेऊन 'द डिस्टिंग्विश्ड जंटलमन' केला. एक भामटा मेलेल्या खासदाराच्या नावाशी आपलं नाव जुळतं या भांडवलावर निवडून येतो. वॉशिंग्टनमध्ये एक मुरलेला लॉबिस्ट त्याला विचारतो, साखरेच्या आधारभूत किमतीबद्दल आपलं मत काय? भामटा विचारतो, काय असायला हवं? लॉबिस्ट म्हणतो, मला काहीच फरक पडत नाही. तुम्ही बाजूने असाल तर माझ्याकडे साखर उत्पादकांचे पैसे आहेत, विरोधात असाल तर गोळ्या-चॉकलेटवाल्यांचे. लॉबिंगवर निघालेल्या तमाम चित्रपटांत मिळून इतका खरा एक मिनिट मला दुसरा सापडलेला नाही. मर्फीचा चेहरा उजळतो. आपण आजवर फुटकळ ठगबाजी करत वर्षं फुकट घालवली, हे त्याच्या लक्षात येतं. दुर्दैवाने पुढे चित्रपटाला सदसद्विवेकबुद्धी फुटते. विजेच्या तारांखाली राहून आजारी पडलेली मुलगी येते, भामट्याला उपरती होते, दुष्टांना भर सभेत उघडं पाडलं जातं. हॉलिवूडला शेवट लागतो, आणि लॉबिंगला शेवटच नसतो, ही खरी गोची.

लिनने हेच काम सहा वर्षं आधी, अर्ध्या तासात आणि उपरतीविना केलं होतं. 'येस, प्राइम मिनिस्टर'चा १९८६ चा तंबाखूवरचा भाग ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. (आपल्याकडे फारूक शेखने 'जी मंत्रीजी' करून हिच्या आधीच्या 'येस मिनिस्टर'ला हिंदीत आणलं, पण मूळची विषारी सभ्यता काही उतरली नाही.) आरोग्य राज्यमंत्री तंबाखूवर जबर कर आणि जाहिरातबंदीची योजना आणतो. पंतप्रधानाला त्या योजनेत काडीचा रस नाही. अर्थखात्याला घाबरवून आपली करकपात पदरात पाडायला तिचा बागुलबुवा उपयोगी आहे, इतकंच. कॅबिनेट सचिव सर हम्फ्री हिशेब मांडतो, की सिगारेट ओढणारे कर भरून वर लवकर मरतात, म्हणजे पेन्शन वाचते. देशासाठी यापेक्षा मोठा त्याग कोणता? शेवटी तत्त्वनिष्ठ मंत्र्याला बढती देऊन गप्प केलं जातं. खलनायक कुणी नाही. लॉबीवाल्याला आवाज चढवावा लागत नाही, कारण तंबाखूचं खरं व्यसन सरकारी तिजोरीला लागलेलं आहे.

ही मालिका लिहिणारे दोघे होते. अँटनी जे थॅचरबाईंच्या विचारांचा, लिन डावीकडे झुकलेला. दोघांनी एकमेकांचे सोयीचे विनोद खोडले असणार, असा माझा तर्क आहे. म्हणूनच तिथे कुठल्याच बाकाला फुकट टाळी मिळत नाही. थॅचरबाईंना 'येस मिनिस्टर'पासूनच ही मालिका अतोनात आवडायची. १९८४ साली त्यांनी नटांबरोबर एक छोटं प्रहसनसुद्धा करून दाखवलं. पंतप्रधानपद गेल्यावर १९९२ मध्ये त्यांना सल्लागार म्हणून नेमलं ते फिलिप मॉरिसने. इथे लेखकाने काही भर घालायची गरज उरत नाही.

आता हॉलिवूड. या धंद्याने तंबाखूची थट्टा केली, तेलाची केली, बंदुकीची केली, औषधांची केली. स्वतःच्या लॉबीची? 'थँक यू फॉर स्मोकिंग'मध्ये रॉब लोने रंगवलेला एजंट आहे, तो अंतराळात सिगारेट ओढणाऱ्या नायकाची कल्पना विकतो. तेवढाच काय तो ओझरता आरसा. तोही किमोनो घालणाऱ्या एका विक्षिप्त माणसावर ढकललेला. प्रत्यक्षात 'सुपरमॅन २'मध्ये मार्लबोरो आणि १९८९ च्या बाँडपटात लार्क सिगारेट दिसावी म्हणून फिलिप मॉरिसने पैसे मोजले होते, ते कुणा विक्षिप्ताशी नव्हे, निर्मात्यांशी बोलून.

हॉलिवूडची लॉबी १९२२ पासून आहे. पहिले प्रमुख विल हेज, राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांच्या मंत्रिमंडळातून थेट उचललेले रिपब्लिकन. नंतर १९६६ पासून अडतीस वर्षं जॅक व्हॅलेंटी, लिंडन जॉन्सनचे खास सहायक. केनेडींच्या खुनानंतर विमानात झालेल्या शपथविधीच्या त्या प्रसिद्ध छायाचित्रात तेही दिसतात. १९८२ मध्ये व्हॅलेंटींनी काँग्रेसपुढे घरगुती व्हिडिओ रेकॉर्डरची तुलना एकट्या बाईला गाठणाऱ्या बोस्टनच्या गळेदाब्या खुन्याशी केली. निक नेलरला हे सुचलं नसतं. पुढे त्याच व्हिडिओ कॅसेटींवर स्टुडिओंनी बक्कळ पैसा कमावला. १९९८ मध्ये कॉपीराइटची मुदत वीस वर्षांनी वाढली. डिस्नीने त्यासाठी जिवाचं रान केलं होतं, कारण मिकी माउस हातचा जायची वेळ आली होती. कनिष्ठ सभागृहात आवाजी मतदान, सिनेटमध्ये एकमत, डेमोक्रॅट अध्यक्षाची सही. परिणामी मिकीचा १९२८ चा पहिला गाजलेला लघुपट सगळ्यांचा झाला तो थेट १ जानेवारी २०२४ ला. साखरेवरचा तो खराखुरा एक मिनिट ज्या चित्रपटात आहे त्याचा स्टुडिओ कोणाचा होता? डिस्नीचा.

२०११ मध्ये या लॉबीचे प्रमुख झाले माजी डेमोक्रॅट सिनेटर क्रिस डॉड. सिनेट सोडताना त्यांनी सांगितलं होतं, लॉबिंग करणार नाही. पुढच्या जानेवारीत इंटरनेटवरच्या चाचेगिरीविरुद्धचं विधेयक लोकांच्या संतापाने बारगळलं, तेव्हा त्यांनी फॉक्स न्यूजवर राजकारण्यांना ऐकवलं, की आमच्या वेळेला लक्ष देणार नसाल तर तुमच्या वेळेला आमच्याकडे धनादेश मागू नका. कुठल्या उपहासकाराने हे वाक्य पात्राच्या तोंडी घातलं असतं तर समीक्षकांनी भडक म्हणून नाक मुरडलं असतं. आणि नेटफ्लिक्स? कंपन्यांच्या पैशापुढे लोळण घेणाऱ्या सरकारवर 'डोंट लुक अप' काढणारी नेटफ्लिक्स जानेवारी २०१९ मध्येच या संघटनेची सभासद झाली होती.

मला जो चित्रपट बघायचाय त्याची कथा तयारच आहे, वाटल्यास कुणी फुकट घ्यावी. लुइझियानाचे खासदार बिली टॉझिन. आधी डेमोक्रॅट, १९९५ पासून रिपब्लिकन. कनिष्ठ सभागृहाच्या ऊर्जा व वाणिज्य समितीचे अध्यक्ष, आणि वृद्धांना औषधांचा खर्च देणाऱ्या २००३ च्या कायद्याचे एक मुख्य शिल्पकार. त्या कायद्यात एक बारीक कलम: सरकारने औषध कंपन्यांशी किमतीची घासाघीस करायची नाही. डिसेंबरात कायद्यावर सही होते. जानेवारी २००४ मध्ये टॉझिन यांच्या दाराशी दोन गिऱ्हाइकं. एक, औषध कंपन्यांची संघटना. दुसरं, व्हॅलेंटींचा वारस शोधणारी हॉलिवूडची संघटना. दोघांत बोली लागते. टॉझिन औषधवाल्यांकडे जातात. हॉलिवूडवाले मग क्लिंटन यांचे माजी कृषिमंत्री डॅन ग्लिकमन यांना घेतात, तर रिपब्लिकन रुसतात: एवढी मोठी खुर्ची आणि दिली डेमोक्रॅटाला? तो राग चित्रपट उद्योगाच्या करसवलतीवर निघाल्याची कुजबुज वॉशिंग्टनभर होते.

दोन पक्ष, दोन लॉब्या, एक माणूस, एक कलम. भाषण एकही नाही. नायक नाही, उपरती नाही, धूमकेतू नाही. दिग्दर्शक मिळेल, नट तर रांग लावतील. निर्माता कोण देईल ते मला विचारू नका. त्यासाठी वॉशिंग्टनमध्ये व्हाइट हाउसपासून चालत जाण्याच्या अंतरावर कचेरी आहे, तिथे चौकशी करावी.